खुडलेली फुले

गणपतीचे विसर्जन झाले, की न्यू जर्सीतल्या आमच्या घरी पॅन्सी आणि व्हायोलाची रोपे लावण्याची लगबग सुरू होते. व्हायोला ही पॅन्सीची धाकटी बहीण. फूल जेमतेम इंचभर, पण फुले भरपूर आणि रोप थंडीला चिवट. सप्टेंबरअखेर लावलेली रोपे बर्फाखाली तग धरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा बहरतात. कडक उन्हाळा मात्र त्यांना सोसत नाही. 'पॅन्सी' हे नाव 'विचार' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले आहे. मलाही या फुलांनी विचारात पाडले, तेच येथे सांगतो.

या झाडांचा नियम असा, की सुकलेले फूल देठासकट खुडायचे. बोंड धरले, की रोपाची शक्ती बियांकडे जाते आणि फुले कमी होतात. खुडत राहिले, तर बहर लांबतो. कामावर जाण्याआधी मी रोज हे करतो. एकदा सौ.ने सहज विचारले, "हे रोपासाठी, की आपल्यासाठी?"

उत्तर उघड होते. रोपाची सारी धडपड बी धरण्यासाठी असते. फूल हे त्याचे साधन. आपण त्यालाच साध्य समजतो.

त्या प्रश्नाने मला २०११ सालचा जानेवारी आठवला. बाबा सांगलीला अत्यवस्थ होते. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितले, "आता सुधारणा होणार नाही. व्हेंटिलेटर लावायचा का?" मी स्वतः डॉक्टर, काय होणार ते मला कळत होते. तरी म्हणालो, "लावा. मी निघालोच आहे." मी पोचलो, त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांना जाणवला की नाही, कोण जाणे. दुसऱ्या पहाटे ते गेले. आई एवढेच म्हणाली, "तुझ्यासाठी थांबले हो."

थांबले नव्हते, मी थांबवले होते. "हे रुग्णासाठी, की तुमच्यासाठी?" हा प्रश्न मी इतरांच्या नातेवाइकांना किती वेळा विचारला आहे! स्वतःला मात्र विचारला नव्हता.

शेवटची भेट हवीशी वाटणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. कदाचित आजही मी तेच सांगेन. पण ते 'बाबांसाठी' होते, असे आता म्हणणार नाही. आपल्या इच्छेला दुसऱ्याच्या हिताचे नाव देणे, चूक तिथे होते. मुलांच्या शिक्षणाचे, लग्नाचे निर्णय घेतानाही आपण हेच करत असतो.

हल्ली मे महिन्यात मी काही व्हायोला खुडत नाही. बोंडे वाळतात, तीन पाकळ्यांत उकलतात आणि बिया दूर उडवतात. पुढे विटांच्या फटीत कुठेतरी रोपे उगवतात. त्यांचे रंग आधीच्या रोपांसारखेच असतात असे नाही.

गणपती कितीही लाडका असला, तरी ठरल्या दिवशी आपण त्याला निरोप देतोच. आणखी चार दिवस ठेवून घ्यावे, असे कोणाला वाटत नाही? पण आपण घेत नाही.