न फोडलेला खोका

खाण्याची वस्तू शिळी झाली की माणूस ती फेकतो आणि न खाण्याची वस्तू शिळी झाली की तिची किंमत वाढवतो. हा नियम मला बी.कॉम.च्या पुस्तकात सापडला नाही, की वीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीतही कुणी सांगितला नाही. तो शिकवला शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या प्लॅस्टिक किटांनी.

ज्यांना हे व्यसन नाही अशा सुदैवी वाचकांसाठी थोडा खुलासा. खोक्यात सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. आणि घरच्यांची बोलणी खात दोन-तीन महिने काढले की टेबलावर वीत-दीड वीत लांबीची गाडी उभी राहते. जपानच्या तामिया कंपनीने १९६७ साली होंडाच्या आर. ए. २७३ या गाडीचं किट काढलं, मूळ गाडीच्या बाराव्या हिश्शाचं. त्याच मापात इंग्लंडच्या एअरफिक्सने १९७१ मध्ये ‘ब्लोअर’ बेंटली आणली. १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये टिम बर्किनने दुसरा नंबर पटकावला, तो असल्याच गाडीतून.

असली किटं आज दुर्मिळ का? पोलादी साचा बनवायचा खर्च जबरदस्त. तो हजारो खोके खपले तरच भरून निघतो. आणि बर्किन आठवणारी माणसं हजारांनी राहिलेली नाहीत! शिवाय कंपन्याही मर्त्यच. एअरफिक्स १९८१ साली बुडाली आणि तिचे साचे या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिले.

इथवर नुसता व्यवहार झाला. नीतीचा प्रश्न पुढेच आहे : असा एखादा खोका हाती आला, तर तो फोडावा की ठेवावा? फोडून गाडी जोडली की बाजारातली किंमत बहुधा उतरते. म्हणजे वस्तू ज्या कामासाठी जन्मली, ते काम केलं की ती स्वस्त! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे असे अकरा खोके आहेत, एकही न फोडलेला. मी एकदा विचारलं, “अहो, जोडणार कधी?”

“जोडला की संपला!” ते म्हणाले.

“पण साहेब, मुदत ठेवीलासुद्धा मुदत असते.”

ते नुसते हसले. मुदतपूर्व मोडणाऱ्या खातेदाराकडे आम्ही पाहतो तसे.

गंमत अशी, की बंद खोकाही स्वस्थ बसत नाही. चिकटवायची चित्रं पिवळी पडतात. मऊ टायरांतलं रसायन पाझरतं आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला चावून वितळवतं. आपल्या आज्यांनी जपून ठेवलेली पैठणी अशीच घडीवर विरायची. नेसून फाटली असती तर निदान चार लग्नं तरी पाहिली असती.

आता दुसरी बाजू. “शेवटचा खोका तुम्हीच फोडलात, तर पुढच्यांनी काय पाहायचं?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादा खोका संग्रहालयात बंद राहावा, हे मलाही मान्य. पण कपाट म्हणजे संग्रहालय नव्हे. तिथे पाहायला येणार फक्त झुरळं. आणि सगळ्यांनीच खोके बंद ठेवले, तर आत गाडी होती ही निव्वळ ऐकीव गोष्ट उरेल.

राखणदार कोण आणि साठेबाज कोण, हे ओळखायची एक सोपी परीक्षा मला सापडली आहे. कंपनी अधूनमधून जुनं किट पुन्हा बाजारात आणते. तामियाने ती होंडाही पुन्हा काढली होती. अशी बातमी कळताच ज्याला वाटतं, ‘वा, आता चार पोरांना मिळेल,’ त्याचं गाडीवर प्रेम. आणि ज्याच्या पोटात दुखतं, त्याचं प्रेम दुसऱ्याला ती न मिळण्यावर. वस्तू तीच, खोका तोच. फक्त एकाचा आनंद खोक्याच्या आत आहे आणि दुसऱ्याचा शेजाऱ्याच्या रिकाम्या हातात.

आपली पोरं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, मावळे उभे करतात आणि चार दिवसांनी सगळं मोडतं. पुढे किंमत वाढेल म्हणून माती पोत्यातच ठेवणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. तेव्हा ज्यांच्याकडे खोके आहेत, त्यांना माझा फुकटचा सल्ला : एक तरी फोडा. आणि जोडताना शेजारच्या पोराला जवळ बसवा. गाडी एकच असली तरी पाहणारे दोन झाले, की टंचाई तेवढी कमी झाली.