सोंग आणि संमति

दोन पुरुषांच्या प्रणयावर रचलेली, केवळ प्रौढांसाठी काढलेली अद्भुतरम्य चित्रकथा खेळाच्या रूपाने आणावी काय? प्रश्न चमत्कारिक दिसतो खरा. 1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' निघाल्यापासून या खेळांची रीत ठरून गेली आहे: एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आपल्या पात्राने काय करावे हे ज्याचे तो बोलतो, आणि फळ फाशांवर सोपवितो. 'एल्फक्वेस्ट' ही 1978 ची चित्रकथा 1984 साली अशीच खेळात आली.

पुरुषाने पुरुषाशी शृंगाराचे सोंग करणे अशिष्ट, हा आक्षेप निदान महाराष्ट्राच्या तोंडी शोभत नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले; धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेले. प्रेक्षकांनी लुगडे पाहिले, पुरुष पाहिला नाही, असे कोणी म्हणेल. मग लज्जा भावनेची की वस्त्राची?

खरी अडचण निराळीच आहे. चित्रकथेतील दोन्ही प्रेमिक एकाच लेखणीच्या स्वाधीन असतात. त्यांची संमति म्हणजे कर्त्याची संमति. नटास निदान संहिता आधी वाचावयास मिळते. खेळात संहिता नाही, आणि दुसरे पात्र समोर बसलेल्या जित्या माणसाच्या हाती असते. "मी तुला जवळ घेतो" एवढे वाक्य उच्चारले की ते पात्राच्या आड बसलेल्या माणसापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून जाणते खेळाडू आरंभीच काय मुळीच यावयाचे नाही आणि काय पडद्याआड व्हावयाचे, हे ठरवून घेतात. भरतानेही शयन-चुंबनादि प्रकार रंगभूमीवर वर्ज्य केले; पण पिता-पुत्र, सासू-सून एकत्र पाहावयास बसतात म्हणून. त्यास चिंता प्रेक्षकांची होती. येथे ती खेळणाऱ्याची आहे.

प्रणय गाळून तलवारी तेवढ्या ठेवाव्या, असे सुचविणाऱ्यांशी आमचे जमत नाही. मग ती चित्रकथा घेतली तरी कशाला? परंतु प्रियकर वश केल्याबद्दल गुण देणे त्याहून वाईट. तो काही सर करावयाचा गड नव्हे. 2012 च्या 'मॉन्स्टरहार्ट्स' या खेळात आपल्या पात्रास कोणाची ओढ वाटावी हे खेळाडूच्या हाती नसते. ओढ वाटल्यावर कसे वागावे, एवढेच त्याच्या हाती. हा नियम आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. तथापि नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत, जेथे दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात, तेथे एखाद्या तरुणास घरी जे बोलता येत नाही ते पात्राच्या मुखाने प्रथमच बोलता येईल. त्याच मेजाभोवती दुसरा कोणी निव्वळ गंमत म्हणूनही तीच भूमिका घेईल. दोघांत भेद कोणता, हे विचारण्याचा अधिकार सूत्रधारास आम्ही देणार नाही.