पाण्यावरचे भांडण



आजच्या पहिल्या वाचनात तहानलेले इस्राएल लोक मोशेशी भांडतात. त्या जागेला नावच पडले 'मरीबा', म्हणजे भांडण. २०१६ साली आपल्या राज्यातील लातूर शहरावर तीच वेळ आली. मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. घागरी घेऊन आलेल्या माणसांवर कलम १४४! १२ एप्रिल रोजी मिरजेहून रेल्वेने पहिले पाच लाख लिटर पाणी पोहोचले, तेव्हा कुठे लोकांना थोडा धीर आला. पाऊस कमी पडला हे खरे. पण त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षे उसाचे क्षेत्र वाढत होते, हेही तितकेच खरे.

शुभवर्तमानात प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर पाणी मागतो, तेही एका शोमरोनी स्त्रीजवळ. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. (महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) प्रभूने मात्र तिच्याच घागरीतले पाणी मागितले.

आता आपल्याकडे पाहू या. उन्हाळ्यात पाण्याचा दाब कमी झाला की आपण थेट नळाला मोटार लावतो. आपली टाकी भरते आणि शेवटच्या घरातला नळ नुसता फुसफुसतो. पापनिवेदनाला जाताना आपल्याला रागाच्या भरात दिलेली शिवी आठवते, ही मोटार आठवत नाही. आज मिस्सा आटोपून घरी जाताना आपल्या नळाच्या ओळीतले शेवटचे घर कोणाचे, एवढे विचारून घेऊ या. आपल्यातील बऱ्याच जणांना ते ठाऊकही नसेल.