देवाची जागा, हक्काचा पुरावा

कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा मागे पडतो आणि वाशिम सुरू होतो. स्वातंत्र्यापूर्वी इथे दोन राजवटी समोरासमोर होत्या. अलीकडे निजामाचा मराठवाडा, पलीकडे इंग्रजी अमलाखालचे वऱ्हाड. अंमल वेगवेगळे असले, तरी पैनगंगेच्या खोऱ्यातल्या आंध, गोंड, कोलाम आदिवासींपुढे प्रश्न एकच उभा राहिला : जंगल कोणाचे?

त्यांचे स्वतःचे उत्तर जुने होते. जंगल देवाचे, आपण राखणदार. देवाच्या नावाने सोडलेल्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही. नवा आंबा, नवा मोह देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. तोवर फळ झाडावरच पिकते, बी धरते, पाखरांचाही वाटा निघतो. श्रद्धा आणि राखण अशी एकाच नेमात बांधलेली होती.

इंग्रजी मुलखात १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी हे उत्तर पुसले. राखीव जंगल सरकारचे झाले; गवताचा भारा आणि सरपणाची मोळी गुन्ह्यात जमा झाली. या अन्यायाविरुद्ध १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. कायदाच अन्यायी असू शकतो, हे त्यातून खेड्यापाड्यांना कळले. निजामाच्या राज्यात आदिलाबादच्या डोंगरांत गोंड पुढारी कुमरम भीम त्यापुढे गेले. जे जंगलात राहतात आणि कसतात, त्यांचाच त्यावर हक्क, असे ठणकावून सांगत १९४० मध्ये त्यांनी प्राण दिले. आजच्या नांदेड जिल्ह्यातले किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते.

त्या मागणीला कायद्याचे बळ मिळायला २००६ साल उजाडले. वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली. त्याच्या नियमांत हक्काचे कोणते पुरावे चालतात, हे वाचण्यासारखे आहे. जुनी विहीर चालते, दफनभूमी चालते, देवाची जागा चालते, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. ज्या देवस्थानाला अंधश्रद्धा म्हणून हिणवले गेले, तेच आता दाव्याच्या कागदात पुरावा म्हणून बसते. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराशी जोडलेल्या धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. मत विचारलेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

हक्काबरोबर राखणही येते. वनहक्क कायद्याने जंगल, पाणी आणि वन्यजीव सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्यासाठी गावाने वर्षानुवर्षे अभ्यास केला होता आणि जंगल राखले होते.

कळमनुरी, औंढा भागात आंध समाज मोठा आहे. हिंगोली जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात नाही, म्हणून त्या क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. तेव्हा गावोगावच्या तरुणांनी म्हाताऱ्यांजवळ बसावे, राई कुठवर होती, पाणवठा कोणता, देव कोणता, हे लिहून घ्यावे आणि ग्रामसभेत दावा मांडावा. ही माहिती देणारी पिढी आता थकली आहे. हे काम याच वर्षी हाती घ्या.