होय जी, आणि मग?

हजरजबाबी विनोदाचा समाजसेवेशी काय संबंध, असे कुणी विचारले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. मी पडलो गगनबावड्याचा. आमचे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर. पूर्वेला तमाशाचा देश, पश्चिमेला करूळचा घाट उतरला की दशावताराचे कोकण. दोन्हीकडे विनोद जागच्या जागी सुचतो. दशावतारात कथा तेवढी ठरलेली. काळ्या वेशातला, लाल जिभेचा संकासुर आज काय बोलणार, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तेही बहुधा नसावे!

बतावणीतल्या सोंगाड्याचा एक अलिखित नियम आहे. समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. उचलायचा, त्यात पदरचे काही घालायचे आणि पुढे द्यायचा.

आता डोंगरातल्या एखाद्या धनगरवाड्यावरची बैठक डोळ्यांपुढे आणा. पाहुणे निर्धूर चुलीचे महत्त्व सांगायला आलेले. मध्येच एक म्हातारी म्हणते, "चुलीचं ऱ्हाऊ दे बाबा, आजारी माणसाला डोलीत घालून खाली न्यावं लागतंय."

"आजी, तो आजचा विषय नाही."

संपले! तिथे सोंगाड्या असता तर म्हणाला असता, "डोलीला किती माणसं लागतात? पावसाळ्यात ओढा कुठनं ओलांडता?" पाचव्या प्रश्नाला म्हातारीनेच रस्त्याची आखणी सांगून टाकली असती.

शिकागोच्या हल हाउस या सेवाकेंद्रात नेव्हा बॉइड खेळांतून समाजकार्य शिकवीत. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे देशोदेशींहून आलेल्या गरिबांच्या मुलांसाठी भाषेची अडचण ओलांडणारे नाट्यखेळ रचले. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले. तिकडचा उत्स्फूर्त विनोद समाजसेवेच्याच ओसरीवर रांगला म्हणायचा.

पण मग "आमच्यात पहिल्यापासून असंच चालतं" म्हणत पाणवठ्यावर वेगळा घडा ठेवणाऱ्यालाही होय म्हणायचे काय? छे! माणसाचा शब्द स्वीकारणे वेगळे आणि त्याची रूढी स्वीकारणे वेगळे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याच्या जलशांनी भिक्षुकी-सावकारीवर झोड उठवायला तमाशाचाच साज उचलला, तो उगाच नव्हे. सरदाराच्या हुकमाला सोंगाड्या नाही म्हणतच नाही. तो हुकूम अक्षरशः पाळतो, आणि हुकमाचा वेडेपणा चव्हाट्यावर येतो. दुबळ्याचा शब्द पुढे न्यावा तो त्याला वाट मिळावी म्हणून. बलवंताचा पुढे न्यावा तो त्याच्याच वजनाने कोसळावा म्हणून.

उद्या कुणी साहेब म्हणाले, "रस्ता कागदोपत्री पूर्ण आहे," तर वाद घालू नये. "होय जी! मग त्याच रस्त्यानं साहेबांनी गाडी घेऊन यावं, आम्ही हार घेऊन उभे राहतो."

मात्र हे बोलायचे कुणी? सोंगाड्या पहाटे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जातो. म्हातारीला तिथेच राहायचे आहे, त्याच साहेबाकडे दाखल्यासाठी पुन्हा जायचे आहे. तेव्हा हे वाक्य तिच्या तोंडी घालू नये. चूल घेऊन आलेल्या पाहुण्याने ते स्वतः, आपल्या नावानिशी बोलावे.