कथेचा आरंभ कोठे? ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि सूडाची अनादि साखळी

गुन्हेकथा सांगताना घटनांचा क्रम मोडणे हे सामान्यतः रंजनाचे तंत्र समजले जाते. प्रेक्षकाला आधी परिणाम दाखवायचा, कारण मागे ठेवायचे आणि त्या कारणाच्या शोधात त्याला अखेरपर्यंत गुंतवून ठेवायचे. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’मध्ये मध्यंतरी मारला गेलेला मारेकरी शेवटच्या प्रसंगात जिवंत वावरतो, तेव्हा चाहत्यांना होणारा आनंद बव्हंशी कोडे सुटल्याचा असतो. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’त मात्र हेच तंत्र मुळात धर्मशास्त्रीय म्हणावे अशा एका प्रश्नाला जाऊन भिडते, कारण तेथे मागेपुढे केलेल्या घटना कल्पित नाहीत आणि त्यांतील पहिली कोणती हे ठरवणे म्हणजे जवळजवळ दोष कोणाचा हे ठरवणेच होय.

एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट ९ मार्च १९९३ रोजी, म्हणजे बॉम्बस्फोटांच्या तीन दिवस आधी, कोठडीत असलेल्या एका तरुणाच्या कबुलीने सुरू होतो. ती कबुली कोणी मनावर घेत नाही, आणि १२ मार्चच्या शुक्रवारी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट होऊन २५७ माणसे मरतात. त्यानंतर प्रकरणाप्रकरणांनी तपास येतो, पळापळ येते, शहराशहरांतून लपत फिरणारा आरोपी बादशाह खान येतो, आणि बाबरी मशिदीचा विध्वंस, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगली, स्फोटांचा सूत्रधार टायगर मेमन याच्या जळालेल्या कचेरीतून उगवलेला सूडाचा बेत हे सारे उत्तरार्धात, जवळजवळ अखेरीस उलगडते. कालक्रमाने जे आधी घडले ते प्रेक्षकाला सर्वांत शेवटी कळते.

या चित्रपटाचे चाहते ज्या मुद्द्यावर खरोखर अडून बसतात तो हाच आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की दंगली शेवटी दाखवल्यामुळे तेच अंतिम उत्तर ठरते, आणि प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना स्फोटांचे कृत्य समजून घेण्याच्या नावाखाली नकळत क्षम्य ठरवतो. दुसऱ्या पक्षाला वाटते की दंगली आरंभी दाखवल्या असत्या तर स्फोट हा केवळ त्यांचा अटळ परिणाम भासला असता. उलट मृतदेह आधी पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढे कोणतेही कारण सांगितले तरी ते त्या मृतदेहांच्या वजनासकटच ऐकावे लागते. हा दुसरा युक्तिवाद अधिक बळकट आहे. तो कलेच्या अंगाने पटतोच, पण कर्मविचाराच्या अंगाने त्याला जो आधार मिळतो तो अधिक महत्त्वाचा आहे.

कथेचा आरंभ निवडणे हे काम केवळ दिग्दर्शक करतो असे नाही. राज्यसंस्थाही ते करते. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग राज्य सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा जिवंत केला तो मार्च १९९३ मधील स्फोट त्याच्या कार्यकक्षेत जोडून. आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात दंगलींतील सुमारे नऊशे मृत्यूंची नोंद केली आणि दंगली व स्फोट यांत कार्यकारणसंबंध असल्याचे मान्य केले. स्फोटांच्या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील न्यायालयापुढच्या आरोपपत्रात कटाचा काळ डिसेंबर १९९२ पासून धरलेला होता, म्हणजे कायद्याची कथा दंगलींच्याच महिन्यात सुरू होत होती, परंतु दंगलींतील गुन्हे त्या कथेत नव्हते. नवी मुंबईच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. स्फोटके रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली; त्याच जिल्ह्यात या शहराचा पनवेल-खारघरकडील भाग मोडतो. आणि खुद्द शहराचा इतिहासही सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, मोजायचा की आगरी-कोळी गावांच्या संपादित जमिनींपासून, यावर तो कोणाचा इतिहास ठरतो हे अवलंबून असते. त्या जमिनींसाठीच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेलेले शेतकरी पहिल्या मांडणीत तळटीप होतात आणि दुसऱ्या मांडणीत प्रस्तावना.

भारतीय परंपरेतील सर्वांत मोठी सूडकथाही क्रमाने सांगितलेली नाही, हे येथे आठवावे लागते. महाभारत कुरुक्षेत्रापासून किंवा शंतनूपासून सुरू होत नाही. ते नैमिषारण्यात सौतीच्या मुखाने सुरू होते आणि जनमेजयाच्या सर्पसत्राकडे, म्हणजे साऱ्या नागकुलाला अग्नीत ओढून घेणाऱ्या यज्ञाकडे, वळते. जनमेजय पित्याच्या मृत्यूचा सूड घेतो आहे, कारण तक्षकाने परीक्षिताला दंश केला. तक्षकाने दंश केला, कारण शृंगी ऋषीने शाप दिला. शाप दिला, कारण परीक्षिताने त्याच्या ध्यानस्थ पित्याच्या गळ्यात मेलेला साप टाकला. त्याही मागे खांडववन आहे, जेथे कृष्णार्जुनांनी लावलेल्या आगीत तक्षकाचे घर जळाले आणि त्याची पत्नी मारली गेली. साखळी मागे खेचावी तसतसा प्रत्येक अपराधी आधीच्या कडीतला पीडित निघतो, आणि व्यासांनी हे इतक्या पद्धतशीरपणे रचले आहे की तो योगायोग मानणे कठीण आहे.

या मागे जाण्याला तळ नाही, हे तत्त्वज्ञानाच्या भाषेत शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात मांडले आहे. तेथे पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेला प्रतिपक्षाचा आक्षेप, असा आहे की जगातील विषमता प्राण्यांच्या पूर्वकर्मांमुळे असेल तर पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कोठून आले. उत्तर असे की संसार अनादि आहे; बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज, या ज्या दृष्टान्ताला बीजांकुरन्याय म्हणतात त्याप्रमाणे कर्म आणि जन्म यांत पहिले कोणते हा प्रश्नच उद्भवत नाही. हा सिद्धान्त ईश्वरावरील पक्षपाताचा आरोप दूर करण्यासाठी योजलेला आहे, परंतु त्यातून निघणारा एक नैतिक निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो. आरंभच नसेल तर आरंभाचा दाखला देऊन कोणालाही सुटता येत नाही, कारण ‘आधी त्यांनी केले’ हे वाक्य प्रत्येक कडीला सारख्याच अधिकाराने उच्चारता येते आणि म्हणूनच ते कोणाच्याही बाजूने पुरावा ठरत नाही.

अनुशासनपर्वातील गौतमीची कथा हा प्रश्न प्रत्यक्ष खटल्याच्या रूपात मांडते. वृद्ध गौतमीचा मुलगा सर्पदंशाने मरतो, अर्जुनक नावाचा व्याध त्या सापाला बांधून आणतो आणि याला कसे मारू असे विचारतो. साप म्हणतो की आपण मृत्यूच्या आज्ञेने वागलो. मृत्यू येऊन सांगतो की आपल्याला काळाने प्रवृत्त केले. काळ येऊन सांगतो की आम्ही तिघेही निमित्त आहोत आणि बालक स्वतःच्या कर्मानेच मेले. हे शेवटचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारणे आजच्या वाचकाला अवघड जाईल, आणि ते जावेच; शेअर बाजाराच्या इमारतीबाहेर दुपारी दीडच्या सुमारास मेलेल्यांना किंवा जानेवारीत घरात जाळल्या गेलेल्यांना त्यांचेच पूर्वकर्म कारण म्हणून सांगणे ही क्रूरता आहे, मग तिच्यामागे कितीही जुने शास्त्र उभे असो. परंतु कथेतील घटनाक्रम नीट पाहिला तर तिचे मर्म काळाच्या साक्षीत नाही असे दिसते. गौतमीने सापाला सोडून दे असे सांगितले ते या तिघांची साक्ष होण्याच्या आधी, कारण त्याला मारून मुलगा परत येणार नव्हता. तिचा निर्णय कारणांच्या शोधावर टेकलेला नाही. कारणे नंतर येतात आणि त्यांनी त्या निर्णयात काही फरक पडत नाही. व्याध मात्र प्रत्येक नव्या साक्षीनंतर नवा दोषी मोजत बसतो.

सूडाला धर्माचे नाव देणाऱ्यांना त्यांच्या धर्माचे शास्त्रही फारसे साथ देत नाही. इस्लामी विधीतील ‘किसास’, म्हणजे खुनाच्या बदल्यात समान शिक्षेचा अधिकार, हा मूळ अपराध्यापुरता मर्यादित आहे आणि क्षमा करणे त्याहून श्रेष्ठ मानले आहे. एकाने दुसऱ्याचे ओझे वाहू नये हे कुराणातील तत्त्व तर बाजारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला जबाबदार धरण्याची वाटच बंद करते. चित्रपटातील चौकशीच्या प्रसंगात पोलीस अधिकारी बादशाह खानला जे सुनावतो त्याचा रोख असाच आहे, की त्याच्या श्रद्धेचा वापर दूर सुरक्षित बसलेल्या कोणी करून घेतला. रामाच्या नावाने जानेवारीत रस्त्यावर उतरलेल्यांना असे सुनावणारा अधिकारी चित्रपटात नाही, आणि ही त्याची मर्यादा मानायची की त्या काळाचे यथार्थ चित्रण, याचा निवाडा प्रेक्षकांवर सोडणेच बरे.

सर्पसत्र अखेर थांबते तेही पहिला अपराधी सापडल्यामुळे नव्हे. आस्तिक नावाचा मुलगा, ज्याची आई नागकुळातील आणि पिता ऋषी, यज्ञमंडपात येऊन राजाची स्तुती करतो आणि वर म्हणून यज्ञ थांबवण्याची मागणी करतो. तो कोणाचीही बाजू मांडत नाही, खांडववनाचा उल्लेखही करत नाही. दोन्ही कुळांचे रक्त असणे हीच त्याची पात्रता आहे.

दोषी न ठरवता थांबण्याची अशी मोकळीक न्यायालयांना नसते. लोकार्नो महोत्सवात २००४ मध्ये दाखवलेला हा चित्रपट, तो खटल्यावर परिणाम करील या आरोपींच्या आक्षेपावरून, भारतात अडवला गेला आणि टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवल्यानंतर ९ फेब्रुवारी २००७ रोजी प्रदर्शित झाला. त्या प्रकरणात टायगरचा भाऊ याकूब मेमन याला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी देण्यात आली. दंगलींच्या खटल्यांत मात्र शिक्षा झालेल्यांची संख्या तुटपुंजीच राहिली. त्या दंगलींत बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना भरपाई द्यावी आणि पडून राहिलेले खटले मार्गी लावावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे कालक्रमाने आधी घडलेल्या प्रकरणापर्यंत न्यायव्यवस्थाही, चित्रपटाप्रमाणेच, सर्वांत शेवटी पोहोचली.