अनुकरणाचे बळ

टोपीवाला आणि माकडांची गोष्ट न ऐकता मोठे झालेले मराठी मूल विरळाच. झाडाखाली डोळा लागलेल्या टोपीवाल्याच्या टोप्या माकडे पळवतात, तो चिडून स्वतःची टोपी जमिनीवर आपटतो आणि झाडावरून टोप्यांचा पाऊस पडतो. माकड म्हणजे नक्कल हे समीकरण या गोष्टीने आपल्या मनात इतके पक्के बसवले आहे, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा निष्कर्ष जवळजवळ उलटा निघाला. दुसऱ्याची कृती पाहून ती जशीच्या तशी करण्यात माकडे बरीच कच्ची असतात. त्या कामात सर्वांत पटाईत असते ते माणसाचे मूल.

जपानमधल्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले. पुढे तिच्या कळपातली इतर माकडेही रताळी धुऊ लागली आणि प्राण्यांमधल्या परंपरेचे उदाहरण म्हणून हा कळप जगभर गाजला. पण ही सवय पसरायला वर्षे लागली. एवढा संथ प्रसार पाहता ही नक्कल होती, की एकेका माकडाने आपापली युक्ती शोधली, असा प्रश्न बेनेट गॅलेफ यांच्यासारख्या संशोधकांनी उपस्थित केला. एलिझाबेता व्हिसालबर्गी आणि डोरोथी फ्रागाझी यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कॅपुचिन माकडांचा बारकाईने अभ्यास केला. नळीत अडकलेला शेंगदाणा काठीने ढकलून काढणारे माकड डोळ्यांसमोर असतानाही इतर माकडांना ती युक्ती उचलता आली नाही.

चिंपांझी माकडांच्या बरेच पुढे आहेत. गिनी देशातल्या बोसू इथले चिंपांझी दगडाच्या ऐरणीवर तेलमाडाचे फळ ठेवून दुसऱ्या दगडाने ते फोडतात. तेत्सुरो मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षे निरीक्षणे केली. पिल्लू आईशेजारी बसून पाहते, तिच्या हातातला गर पळवते, नुसताच दगड आपटते, नुसतेच फळ तुडवते. आई हाकलत नाही आणि हात धरून शिकवतही नाही. अशा धडपडीतून तीन ते पाच वर्षांच्या वयात केव्हातरी त्याला फळ फोडणे जमते. आईमुळे पिल्लाला एवढे नक्की कळते, की इथे काहीतरी खाण्याजोगे आहे आणि दगडाचा त्याच्याशी संबंध आहे. हाताची नेमकी हालचाल मात्र त्याला स्वतःच शोधावी लागते.

माणूस आणि चिंपांझी यांच्या शिकण्यातला फरक व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लख्ख दिसला. प्रयोग दोन गटांवर झाला : युगांडातल्या व्हिक्टोरिया सरोवरात न्गाम्बा नावाचे बेट आहे, तिथल्या आश्रयस्थानातले तरुण चिंपांझी आणि स्कॉटलंडमधली तीन-चार वर्षांची मुले. एका पेटीत खाऊ ठेवलेला. पेटी उघडून दाखवणारी व्यक्ती आधी वरची खीळ काठीने सरकवी, वरच्या भोकात काठी खुपसून टोचे, मग समोरचे दार उघडून तीच काठी आत घाली आणि खाऊ काढी. यातले वरच्या भोकाचे सगळे काम फुकट होते, कारण त्या भोकाखाली आडवी फळी होती आणि काठी खाऊपर्यंत पोचतच नव्हती. पेटी काळी, अपारदर्शक असे तेव्हा हे कोणालाच कळण्याजोगे नव्हते. तेव्हा चिंपांझींनीही सगळ्या पायऱ्या गिरवल्या. नंतर तीच पेटी पारदर्शक करून आणली. आतली फळी दिसताच चिंपांझींनी वरचे काम सोडून दिले आणि थेट दार उघडले. मुलांनाही फळी दिसत होती. तरी ती आधी वरच्या भोकात काठी टोचत राहिली.

वरवर पाहता चिंपांझी शहाणे ठरले आणि मुले खुळी. मुलांना फळीचा अर्थ कळला नसेल, ही शंका येणे साहजिक आहे. येल विद्यापीठातल्या डेरेक लायन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तीही तपासली. त्यांनी मुलांना आधी निरुपयोगी कृती ओळखायला शिकवले आणि बरोबर ओळखल्याबद्दल शाबासकी दिली. तरीही नवी वस्तू उघडताना मुलांनी त्या अनावश्यक कृती केल्याच. हा केवळ पाश्चात्त्य शहरी पालकांच्या संगोपनाचा परिणाम असेल, असेही म्हणता येईना. मार्क नील्सन आणि कियान टोमासेली यांना आफ्रिकेतल्या कालाहारी भागातल्या बुशमन मुलांमध्ये हेच वर्तन आढळले. वय वाढल्यावर ही सवय सुटते म्हणावे, तर पुढच्या एका प्रयोगात प्रौढांनी लहान मुलांपेक्षाही निष्ठेने निरुपयोगी पायऱ्या गिरवल्या.

वेगवेगळ्या समाजांत आणि वेगवेगळ्या वयांत आढळणारी ही प्रवृत्ती केवळ चूक असेल, हे पटत नाही. माणसाच्या जगातल्या बहुतेक उपयोगी गोष्टींचे कारण त्या करणाऱ्यालाही माहीत नसते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षे मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवत आले. या प्रक्रियेमुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. मुली आयांचे पाहून चुना घालत राहिल्या, एवढेच. युरोपीय लोकांनी मका उचलला आणि चुन्याची पायरी अनावश्यक म्हणून मागे ठेवली. पुढे उत्तर इटलीसारख्या भागांत मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरला. त्यात कातडी सोलवटते, बुद्धी भ्रमते आणि माणसे मरतात. पारदर्शक पेटीसमोरच्या चिंपांझीसारखाच विचार त्या लोकांनी केला होता. फरक इतकाच, की मक्याची पेटी पारदर्शक नव्हती.

आपण पाहतो आहोत त्यापेक्षा मोठ्यांना अधिक कळते आणि ते करतात त्याला काही अर्थ असणार, या भरवशावर मूल सगळेच उचलते. त्या भरवशामुळेच प्रत्येक पिढीला चाकाचा आणि चुलीचा शोध नव्याने लावावा लागत नाही. मागच्या पिढीचे ज्ञान गळती न होता पुढे जाते आणि पुढची पिढी त्यात भर घालते. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो मानवी संस्कृतीच्या वाढीचे कारण इथेच शोधतात. चिंपांझीचे प्रत्येक पिल्लू फळ फोडायला जवळजवळ पहिल्यापासून शिकते. म्हणून त्याची हुशारी त्याच्याबरोबरच संपते.

हे अनुकरण आंधळेही नसते. ग्योर्गी गेर्गेय, हॅरॉल्ड बेकरिंग आणि इल्दिको किराय यांनी २००२ मध्ये चौदा महिन्यांच्या बाळांना एक विचित्र कृती दाखवली. समोरच्या बाईंनी कपाळ टेकवून दिवा लावला. त्यांचे हात मोकळे होते तेव्हा ६९ टक्के बाळांनी कपाळच वापरले. थंडी वाजते म्हणून बाईंनी अंगाभोवती पांघरूण धरून ठेवले होते, तेव्हा कपाळ वापरणाऱ्या बाळांचे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. हात अडकले होते म्हणून कपाळ वापरले, हात मोकळे असताना वापरले म्हणजे काही कारण असणार, असा हिशेब नीट बोलूही न येणारे बाळ करत असावे.

बाळाच्या या भरवशाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या जबाबदारीची आहे. अमेरिकेत विन्थ्रॉप आणि लुएला केलॉग या दांपत्याने १९३१ मध्ये गुआ नावाचे चिंपांझीचे पिल्लू घरी आणले आणि आपला तान्हा मुलगा डोनाल्ड याच्याबरोबर भावंडासारखे वाढवले. माणसांत वाढलेले पिल्लू माणसासारखे होते का, हे त्यांना पाहायचे होते. गुआ पुष्कळ शिकली, पण बोलली नाही. डोनाल्ड मात्र खाणे दिसले की गुआसारखा हुंकारू लागला. नऊ महिन्यांनी प्रयोग थांबला. मूल समोर असेल त्याचे घेते. जे घेते ते घेण्याजोगे आहे का, ही निवड त्याच्या हाती नसते.

म्हणूनच निरुपयोगी काठीबरोबर विषारी काठीही पुढच्या पिढीकडे जाते. आपल्याकडच्या अनेक घरांत कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा असतो आणि तो वेगळ्या जागी ठेवलेला असतो. त्यामागचे कारण मुलाला कोणी सांगत नाही, सांगायची आवश्यकताही नसते. तो कप कुठून काढायचा आणि कुठे ठेवायचा हे मूल बघून शिकते. समतेचा धडा ते शाळेच्या पुस्तकात वाचते आणि कपाचा धडा घरी गिरवते. हाताने गिरवलेला धडाच अधिक टिकतो. जेवणानंतर ताटे कोण उचलतो, रागावल्यावर घरात हात कोणावर उठतो, हेही असेच शिकले जाते.

अनुकरणाने स्वतंत्र प्रतिभा मारली जाते, ही भीतीही निराधार आहे. कुमार गंधर्व लहानपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या बारकाव्यांसकट हुबेहूब म्हणत. त्या नकलेसाठीच त्यांचा गवगवा झाला. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे ते शिकले, क्षयाच्या दीर्घ आजारात देवासला माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकत राहिले आणि त्यातून बाहेर आले ते कोणाचीही नक्कल नसलेले गाणे घेऊन. इतरांची वाट ज्याने पुरती चालून पाहिली, त्यालाच ती कुठे सोडायची हे कळले. शाळांतली घोकंपट्टी वाईट आहे ती मुलाला जिवंत माणसाच्या कामापासून तोडते म्हणून. गवंड्याशेजारी बसलेले, आजीबरोबर भाकरी थापणारे मूल घोकत नसते. ते हात, नजर आणि चुका सुधारण्याची पद्धत एकत्रच उचलत असते.

तेव्हा मुलांना कामात घ्या, त्यांच्यासमोर सावकाश काम करा आणि त्यांनी 'का' विचारले तर कारण सांगा. कारण सापडले नाही तर त्या कृतीची चौकशी करा, कारण ती चुन्याच्या पाण्यासारखी मोलाची असेल किंवा वेगळ्या कपासारखी लाजिरवाणी. ही छाननी मूल करू शकत नाही. ती मोठ्यांनीच करायची आहे. मुलांवर कोणते संस्कार करावेत यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. त्या चर्चेआधी स्वयंपाकघरातला तो वेगळा कप काढून सगळ्यांच्या कपांत मिसळावा, आणि तेही मुलांच्या देखत.